ठमीचा खनिज आहार

“पान मांडलंस की आधी मीठ वाढ. बाकीचं मागून येईल, नाही येईल, पण मीठ मागायची वेळ जेवणाऱ्यावर येऊ देऊ नकोस,” असं आमच्या सासूबाई मला सांगत. मोठी सत्यं बहुतेक अशीच हळू आवाजात सांगितलेली असतात. वाढत्या जिवाचं नुसत्या पोटभर अन्नानं भागत नाही. त्या अन्नात एक चिमूट लागते, आणि ती कोणी तरी आठवणीनं घालावी लागते. सासूबाईंना हे चुलीपाशी कळलं. आमच्या कुलाबा जिल्ह्याला ते शके १८५४च्या ज्येष्ठात, समिती नेमल्यावर कळलं.

पहाटेचं स्नान, तुळशीला पाणी, गोग्रास आणि परनिंदा न करणं, असे माझे रोजचे नेम आहेत. पहिल्या तिन्हींना कष्ट पडत नाहीत. चौथ्यासाठी वाचकांना विनंती, की पुढे जे लिहिलं आहे ते सगळं स्तुती म्हणून वाचावं.

समितीचं नाव ‘किनारा वराह-संवर्धन मंडळ’. मुंबईच्या साहेबलोकांच्या न्याहारीला जे मांस लागतं ते डब्यांत भरून सातासमुद्रापलीकडून येतं, ही गोष्ट आमच्या गावच्या पुढाऱ्यांच्या मनाला फार लागली. आपल्या खाडीकाठी वराह असताना परदेशी डबे का, असा स्वदेशीचा प्रश्न निघाला. मंडळावर सात सभासद घेतले. सातही शुद्ध शाकाहारी होते, म्हणजे निःपक्षपाती होते. डुक्कर हा शब्द कागदावर येणार नाही, असा पहिला ठराव झाला, कारण कागद चिटणीस बाळाजीपंतांच्या घरी देवघराशेजारच्या खोलीत राहायचे होते.

शास्त्रासाठी पुण्याहून माधवराव म्हणून एक तरुण गृहस्थ आणले. ते शेतकी शिकलेले होते आणि पायांत बूट असूनही बोलायला गोड होते. त्यांनी सांगितलं, की वाढत्या वयाच्या वराहाला नुसता कोंडा आणि पेज घातली तर त्याची हाडं मऊ राहतात, मागचे पाय लुळे पडतात, तो वाढत नाही. त्याला मीठ, चुना, हाडांची पूड, कोळसा आणि लोहासाठी थोडी हिराकस द्यावी. ह्याचं नाव खनिज आहार. हे खरं की खोटं ते पाहायला पिलांचे दोन गट करावेत. अ गटाला खनिज द्यावं, ब गटाला देऊ नये, आणि चातुर्मास संपताच दोन्ही गट काट्यावर घालावेत.

पिलं काशीची होती. काशी आमच्या गावाबाहेर, खारबांधाच्या पलीकडे राहते. नवरा मिठागरात कामाला जातो आणि घर ह्या जनावरांवर चालतं. त्या साली तिच्या म्हाताऱ्या डुकरिणीनं (मंडळाच्या भाषेत वराहीनं) बारा पिलं दिली. ती शेवटची वीण, हे काशीला ठाऊक होतं. बारांत मादी एकच, तीही सगळ्यांत लहान. दुधाला तिचा क्रम लागायचाच नाही. तिचं नाव ठमी. ठमी जगली, वाढली, तरच काशीचा गोठा पुढे चालणार होता. बाकीची अकरा म्हणजे त्या सालची मिळकत; ठमी म्हणजे पुढची सगळी सालं.

गट पाडण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. काशी पदर सावरून उभी होती.

“साहेबानू, औषीद कोनच्या गटाला?”

“औषध नव्हे, बाई. खनिज. अ गटाला.”

“मंग माजे ठमीला तितं घाला.”

“चिठ्ठी निघेल तसं.”

ठमीची चिठ्ठी ब गटाची निघाली. काशीनं तिथंच बसकण मारली. “साहेब, तुमच्या पाया परतंय. ती मागं ऱ्हायलेली हाय. तिला औषीद मिलालं न्हाय तर ती जगाची न्हाय.” माधवरावांनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि अ गटातल्या एका पिलाशी ठमीची अदलाबदल केली. संपूर्ण प्रयोगात शास्त्राला मुरड घातली गेली ती एवढीच, आणि तीही दयेपोटी.

अ गट गावातल्या जुन्या जकातीच्या बंगल्यामागे ठेवला. त्याच्यावर चांगदेव नावाचा पट्टेवाला नेमला. ब गट काशीच्याच गोठ्यात राहिला आणि तिथं पाटी लावली: ‘ब गट. यांस कोणतेही खनिज देण्यास सक्त मनाई आहे.’

आता पुरवठा. मीठ खरं तर दाराशी पिकतं. पण दाराशी पिकलेलं मीठ तपासलेलं नसतं. म्हणून ते आधी उरणहून मुंबईला गेलं, तिथं कोणी तरी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग बोटीनं रेवसला परत आलं. (मिठाविषयी त्या सालांत ह्याहून जास्त बोलणं बरं नव्हतं. मीही बोलत नाही.) कंत्राटदार दयारामशेट म्हणाले, “आ तो धरमनुं काम छे, मी नफा घेणार नाय,” आणि त्यांनी तो वाहतुकीत घेतला.

पहिली गोण बैलगाडीतून बंगल्यावर उतरली आणि इथं आमच्या गावचा एक चांगला रिवाज आड आला. आमच्याकडे घरात काही नवीन आलं, मग तो वाडीतला पहिला फणस असो की मुंबईची पेटी, तर आधी चार घरी वानवळा जातो. न पाठवणारा माणूस हलका. मंडळ हलकं नव्हतं. हाडांची पूड अध्यक्षांकडे गेली. ते सोवळ्यातले असल्यानं त्यांनी तिला हात लावला नाही, माळ्याकडून गुलाबांना घातली. त्या पावसाळ्यात त्यांच्या गुलाबांना जी फुलं आली ती मी स्वतः देवाला वाहिली आहेत. मीठ बाळाजीपंतांच्या घरी लिंबाच्या लोणच्यात पडलं, आणि तपासलेल्या मिठाचं लोणचं टिकतं असा शेरा स्वयंपाकघरातून आला. चुन्यानं बंगल्याच्या भिंतींना सफेदी दिली, कारण वराह-संवर्धनाची कचेरी मळकट असणं शोभत नाही. हिराकस दयारामशेटनी नेली आणि तिची काळी शाई केली. त्याच शाईनं पुढे मंडळाचा अहवाल लिहिला गेला, तेव्हा लोह वाया गेलं असं कोणाला म्हणता येणार नाही. उरला कोळसा. चांगदेवाचे दात दुखत असत.

ह्यात चोरी कुठेही नव्हती. कोणी लपवून काही नेलं नाही. नेणारा ‘प्रसाद घेतो’ असं म्हणून नेत होता.

आणि अ गटाचंही विसरले नाहीत. चांगदेव रोज सकाळी रिकामं गोणपाट पिलांच्या कुंडीवर जोरानं झटकी. पांढरी धूळ उडे. पिलं शिंकत. माधवराव महिन्यातून एकदा येत, कुंडीच्या काठावरची पांढरी रेघ पाहत आणि विचारत, “देतोस ना रे?”

“देतो तर! शिंका आइकल्या न्हाय तुमी?” चांगदेव म्हणे.

आता ब गट. ह्या गटाच्या बाबतीत कोणतीही हयगय झाली नाही. पाटी शेवटपर्यंत सरळ उभी होती.

पण चातुर्मास लागला होता. चातुर्मासात आमच्या आळीतली प्रत्येक बाई काही तरी सोडते. मी मीठ सोडते, अळणी जेवते. पलीकडच्या सोनाबाईंनी विडा सोडला, म्हणजे चुना सुटला. कुमुद नवी सून. तिनं सासूच्या सूचनेवरून गूळ सोडला. कोपऱ्यावरच्या आवडाबाईंकडे मासळी चालते. त्यांनी सुकट सोडली, आणि सोडताना दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. जे सोडायचं ते शेवटी ब्राह्मणाला दान द्यायचं अशी पद्धत. पण मागल्या वर्षी आवडाबाई सुकटीची टोपली घेऊन गुरुजींच्या अंगणात उभ्या राहिल्या, तेव्हापासून गुरुजींनी ह्या प्रश्नाचा खोल विचार केला होता. ह्या वर्षी त्यांनी निर्णय दिला: जिनं जे सोडलं असेल त्यातला घास तिनं रोज एका मुक्या जिवाला द्यावा.

मुका जीव शोधणं सोपं वाटतं. गाईनं मीठ चाटलं, गूळ खाल्ला आणि सुकटीपाशी शिंग उगारलं. कुत्र्यानं सुकट घेतली, चुना घेतला नाही. कावळ्यानं सगळं उचललं आणि सोनाबाईंच्या वाळवणावर नेऊन टाकलं. मीठ, चुना, गूळ, सुकट ही चारही दानं एका तोंडानं आणि भेदभाव न करता स्वीकारणारा जीव पंचक्रोशीत एकच निघाला. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “विष्णूचा तिसरा अवतार कोणता?” आणि डोळे मिटून घेतले.

म्हणून आम्ही रोज सकाळी स्नान उरकून खारबांधावर जात असू. गोठ्याजवळ जायचं नाही, शिवायचं नाही. बांधावरच्या सपाट दगडावर पानात घास ठेवायचा आणि मागे व्हायचं. काशी येऊन उचलून नेई.

“मीठ झालं, चुना झाला. गुळाची कोण राहिली?”

“कुमुद. बोटं बघा कशी चाटतेय.”

“अहो, हाताला लागला होता! धुतला मी.”

“जिभेनं?” आवडाबाई म्हणत. “धू बाई धू. देव काय, वरनं बघतो, त्याला जीभ दिसत न्हाय.”

“वैनीबाय, तुमचं मीठ पोचलं,” काशी खालून ओरडे. “यो बघा, कवाचा तोंड वर करून बसलाय, जसा काय सत्यनारायनाला आलाय!”

पाटी आम्ही वाचली होती. कुमुद इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं ती मोठ्यानं वाचूनही दाखवली. पण खनिज म्हणजे खाणीतून निघतं ते. आमचं मीठ आगरातून येतं, चुना शिंपल्यांचा, गूळ उसाचा, सुकट दर्यातली. आमच्या किनाऱ्यावर खाण नाहीच. मनाईचा भंग कोणाच्याही हातून झाला नाही.

भाद्रपद उजाडला तशी ब गटातली सहा पिलं अंगानं भरली. कातडीला तकाकी आली, गोठ्याची फळी एकानं नुसतं अंग घासून मोडली. आणि बंगल्यामागे ठमीचे मागचे पाय वाकायला लागले.

काशी रोज कुंपणाबाहेर उभी राही. ठमी तिचा वास ओळखून उठायला जाई, पुढचे पाय उठत, मागचे उठत नसत. शेवटी एके दिवशी काशी थेट मंडळाच्या सभेत गेली. मला तिनंच नंतर सांगितलं, आणि बाळाजीपंतांच्या घरूनही तेच कळलं, तेव्हा खरं असावं.

“चिटनीससाहेब, माजे ठमीला परत द्या. मी तिला घरच्या गटात घालतंय.”

“काशीबाई, तुझ्या गटाला खनिज मिळतं का?”

“न्हाय.”

“आणि इथं मिळतं. मग मिळणाऱ्या जागेवरून न मिळणाऱ्या जागी एका मुक्या प्राण्याला न्यायचं? केवढं क्रौर्य हे!”

“पन तिकडची धावतात, साहेब. बायका घास टाकतात, ती खातात आनि धावतात.”

“घास ही श्रद्धेची बाब झाली. इथं शास्त्र चाललंय.”

तरीही तिचं दुःख पाहून मंडळ हललं. अ गट अशक्त आहे, त्या अर्थी त्याला खनिज कमी पडतं आहे, असा सरळ निष्कर्ष काढून पुढच्या महिन्यापासून गोणी दुप्पट केल्या. एवढा माल चार घरांत जिरेना, म्हणून वानवळा आता आठ-दहा घरी जाऊ लागला. आमच्याकडेही मिठाची पुडी आली. आलेला वानवळा परत करू नये. पण मी अळणी, घरातल्यांचं मीठ वेगळं. म्हणून ती पुडी मी रोज थोडी थोडी करून बांधावर नेऊन ठेवली. अशा रीतीनं अ गटाचं मीठ, मंडळाच्या शिक्क्यासकट, ब गटाच्या पोटात पोचलं.

एकादशी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि वजनाचा दिवस आला. भाताच्या वखारीतला काटा आणला होता. अध्यक्षांनी काट्याला हळदकुंकू वाहिलं (गुलाब त्यांच्याच बागेतला). ब गट सरासरी शहाण्णव रत्तल भरला. अ गट एकेचाळीस. ठमी सत्तावीस, तीही काशीनं उचलून काट्यावर ठेवली तेव्हा. ठेवताना काशीचा हात खालून लागून राहिला असावा असा आक्षेप निघाला, म्हणून सत्तावीसांतून हाताचे दोन रत्तल कमी केले. (हात खालून लागला तर वजन कमी भरतं, जास्त नव्हे, असं कुमुद माझ्या कानात म्हणाली. मी तिला गप्प केलं.) तक्रार बारांपैकी एकाही पिलानं केली नाही, समाधान शेकडा शंभर.

माधवरावांनी आकडे तीन वेळा लिहिले आणि तीन वेळा खोडले.

“हे शास्त्राच्या अगदी उलट आहे,” ते म्हणाले.

“मग शास्त्राला कळवू,” बाळाजीपंत म्हणाले, आणि त्यांनी ठराव वाचले.

पहिला ठराव: खनिज आहार वाढत्या वराहांना घातक आहे हे सिद्ध झालं. दुसरा: ब गट हा आदर्श कळप ठरून मंडळानं तो ताब्यात घ्यावा, काशीला त्याचा ठरलेला मोबदला द्यावा, कळप जकातीच्या बंगल्यात ठेवावा, आणि त्याच्या आसपास खनिज, तसंच बायका, फिरकू देऊ नयेत. तिसरा: अ गट प्रयोगात वापरून झालेला असल्यानं मालकिणीला परत करावा. चौथा ठराव थोडा लांब होता. पुढच्या तीन वर्षांचं खनिज मंजूर होऊन बसलं होतं. मंजूर झालेली वस्तू येते. तिला थांबवण्याची तरतूद नाही. वराहाला जे घातक ते मनुष्याला हितकारक असणार, कारण मनुष्य वराह नव्हे. सबब ते खनिज तालुक्यातल्या शाळांतून वाढत्या वयाच्या मुलांना, अ आणि ब असे गट पाडून, द्यावं. ‘किनारा वराह-संवर्धन मंडळ’ ह्या नावातला एक शब्द खोडून ‘विद्यार्थी’ लिहिला. सभासद तेच, कंत्राट तेच, चांगदेवही तोच. पहिली गोण गेल्या सोमवारी उतरली.

पालकांची मोठी सभा झाली. आपल्या मुलांना रोज मीठ, चुना, लोह सरकारमान्य मिळणार हे ऐकून टाळ्यांचा कडकडाट झाला. वाचकहो, त्या टाळ्यांत तुमचीही टाळी होती. मी मागे बायकांत बसले होते. मला हात दिसत होते. कोणी विचारलं नाही, की गोण आधी कोणाच्या दारात उतरते. उलट सभा सुटल्यावर तुमच्यातल्या दोघा-तिघांनी बाळाजीपंतांना बाजूला घेऊन, आमच्या घरी वानवळा कधी येणार, एवढंच विचारलं. त्यात गैर काही नाही. फक्त शाळेच्या भिंतीवर तुमच्या मुलाच्या नावापुढे अ आहे की ब, तेवढं एकदा पाहून या. ब असेल तर निश्चिंत असा. घरात कोणी बाई काही तरी न खाता उठत असेल. अ असेल तर मुलगा सकाळी शिंकतो का, ते बघा.

काशीनं ठमीला पोत्यात घालून पाठीवरून घरी नेली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या मागल्या दारी आली. चातुर्मास संपला होता. आळीत सोनाबाईंचा विडा रंगला होता, आवडाबाईंच्या घरातून सुकटीचा वास येत होता आणि कुमुदनं सकाळीच गुळाची ढेप फोडली होती.

काशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. “वैनीबाय, तुमचं सुटलं ना समदं?”

“सुटलं हो. आज उद्यापन.”

“व्हय. मंग ठमीला कोन देनार? तिचं तर अजून सुरूच न्हाय जालं.”

घरात मीठ मोजून येतं. माझ्या वाटचं मी खाल्लं तर बांधावर न्यायला काही उरत नाही. मी पान मांडलेलं होतं. मी म्हटलं, “ती चार पायांवर उभी राहीपर्यंत माझं व्रत सुटलेलं नाही. जा तू.”

ह्याला आता पंधरवडा होईल. काल म्हणे ठमीनं मागचा एक पाय टेकवला आणि परत बसली. घरची मंडळी विचारतात, हे कसलं व्रत, पोथीत नाही. मी वाद घालत नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून मिठावर पान दुमडून घेतलं आहे. भरती उतरली, बांध मोकळा झाला असेल. निघते.